काटा ९० वर

आमच्या बोटीच्या टेंपरेचर मीटरचा काटा ७८ अंशांवर राहतो. नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेटीवरून निघून पनवेल खाडीच्या तोंडाशी आलो आणि मशीन १,६०० आरपीएमवर लावलं, की वीस-पंचवीस मिनिटांत काटा ७८ ला पोचतो. मग घारापुरी मागे पडली तरी तो हलत नाही. सहा वर्षं हे असंच चालत होतं, त्यामुळे त्या काट्याकडे कुणी बघायचंच नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल, बाबा रात्री जेवताना म्हणाला, "मशीन गरम चालतंय."

"काटा किती होता?"

"काटा नाय बघितला. मशीनवरच्या फळीवर पाय ठेवला तं चटका लागला."

बाबा तीस वर्षांहून जास्त काळ त्या फळीवर अनवाणी उभा राहिलाय. आधीच्या दोन बोटींवर आणि आता हिच्यावर. मी आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा ट्रेड केला आणि महापे एमआयडीसीत जनरेटर दुरुस्तीचं काम करतो, पण आमच्या मशीनचं नेहमीचं वागणं बाबाच्या तळपायांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो गरम म्हणाला म्हणजे गरम. प्रश्न एवढाच होता, की कशामुळे.

पुढच्या रविवारी मी बरोबर गेलो. स्लोवर काटा ७६ ला होता, काही तक्रार नाही. १,६०० वर नेल्यावर अर्ध्या तासात ९० झाला. १,७०० ला ९३. आमच्या मशीनचा अलार्म ९५ ला वाजतो. आम्ही वेग उतरवला आणि सावकाश घरी परतलो. जाळं टाकलंच नाही.

जेटीवर मशीनचा विषय निघाला की पाच मिनिटांत दहा माणसं जमतात, आणि प्रत्येकाच्या बोटीला कधी ना कधी हे झालेलं असतं. एक म्हणाला पंप गेला. एक म्हणाला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढून टाक, बिना थर्मोस्टॅटचं मशीन थंड राहतं. बाजारातल्या एका मेकॅनिकने बोट न बघता फोनवरच निदान केलं, "हेड गॅस्केट उडालंय, हेड खोलावं लागेल," आणि खर्चाचा आकडा सांगितला. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं सील. बाबा फोन ठेवून बराच वेळ काही बोलला नाही. सीझन नुकता सुरू झालेला, डिझेलची उधारी डोक्यावर, आणि हेड खोलायचं म्हणजे किमान आठवडाभर बोट जेटीला.

माझ्या हातून पहिली चूक झाली ती इथेच. मीही अंदाजावर गेलो. थर्मोस्टॅट स्वस्त असतो, बदलायला तास लागतो, म्हणून नवा आणून बसवला. काटा पुन्हा ९० वर. घरी आल्यावर जुना थर्मोस्टॅट आईच्या पातेल्यात पाण्यात टांगला, शेजारी थर्मामीटर सोडला आणि गॅस बारीक ठेवला. त्याच्यावर ७१ चा शिक्का होता. ७१-७२ ला त्याची झडप हलायला लागली आणि ८५ च्या आत ती पूर्ण उघडली. चांगला थर्मोस्टॅट मी काढून ठेवला होता. आधी पातेल्यात बघायला हवं होतं, मग दुकानात जायला हवं होतं.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल इथेच सांगतो, कारण आमच्या किनाऱ्यावर हा उपाय फार चालतो. तो काढला की स्लोवर आणि हलक्या कामात मशीन नको तितकं थंड चालतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं, आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. काही मशीनमध्ये तर थर्मोस्टॅट उघडताना एक आडवाट बंद करतो. तो काढला तर ती आडवाट कायम उघडी राहते आणि अर्धं पाणी ते थंड करणाऱ्या कूलरकडे न जाता तसंच मशीनमध्ये फिरतं. म्हणजे ऐन जोराच्या वेळी मशीन आणखी तापतं. ज्यांना यातून गुण आला असं वाटतं, त्यांचा मूळ आजार बहुतेक वेळा दबून राहिलेला असतो.

त्या रात्री ठरवलं, की आता आकडा हातात आल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही.

पहिला आकडा मीटरचाच. काटा खरं सांगतोय का? सेन्सरची अर्थिंग गंजली किंवा वायर ढिली झाली तर काटा वाटेल ते दाखवतो, आणि खाऱ्या हवेत वायरिंगचे सांधे हिरवे पडायला वेळ लागत नाही. माझ्याकडे कामावरचं इन्फ्रारेड थर्मामीटर होतं, पिस्तुलासारखं धरून बघायचं. पहिल्यांदा मारलं तर मशीनमधून येणाऱ्या गरम पाण्याच्या तांब्याच्या पाइपावर ते ४१ दाखवत होतं, आणि त्या पाइपावर हात क्षणभरही ठेवता येत नव्हता. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांतून फारशी बाहेर टाकत नाही, उलट आजूबाजूची परावर्तित करतो, म्हणून हे यंत्र पितळ-तांब्यावर फसतं. उपाय साधा आहे. जिथं मोजायचं तिथं काळी इन्सुलेशन टेप नीट चिकटवायची, ती धातूइतकी तापू द्यायची, आणि टेपवर नेम धरायचा. आठ ठिकाणी टेप लावल्या. थर्मोस्टॅटच्या घरावर ८८ आलं, मीटरवर ९०. काटा खरं बोलत होता.

मग हेड गॅस्केट, कारण बाबाच्या मनातून ते जात नव्हतं. गॅस्केट गेलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, किंवा पाणी ऑइलमध्ये. ऑइलची कांडी काढली, ऑइल काळं आणि स्वच्छ होतं, दुधाळ चहासारखा रंग कुठेच नव्हता. मशीन थंड ठेवणाऱ्या गोड्या पाण्याच्या टाकीची पातळी दोन फेऱ्यांनंतरही जिथल्या तिथं. तिसऱ्या दिवशी पहाटे, मशीन रात्रभर थंड झालेलं असताना, टाकीचं झाकण उघडून मशीन सुरू केलं आणि टॉर्च मारून पाण्यात बघत बसलो. पहिल्या मिनिटात दोन-चार बुडबुडे आले, मग काही नाही. गॅस्केट गेलेलं असतं तर बुडबुडे थांबले नसते. ही तपासणी फक्त थंड मशीनवर करायची. झाकणाच्या दाबाखाली पाणी शंभरच्या वरही उकळत नाही, पण झाकण सैल होताच दाब उतरतो आणि तेच पाणी वाफेसकट अंगावर येतं. आमच्या आळीत एका खलाशाच्या हातावर त्याचा डाग आहे.

बाबाला सांगितलं, "हेड खोलायचं नाही." त्या दिवशी तो नीट जेवला.

आता मूळ प्रश्नाकडे यायला हवं होतं. जनरेटरवर काम करून माझं डोकं रेडिएटरवर चालतं. तिथं पंखा फिरतो आणि हवा उष्णता घेऊन जाते. बोटीत ते काम समुद्र करतो. आमच्या मशीनमध्ये दोन पाणी आहेत. गोडं पाणी मशीनच्या अंगातून फिरतं, ते बंद चक्र. खारं पाणी तळाच्या तोंडातून येतं, गाळणीतून पंपात, पंपातून कूलरमध्ये, आणि बोटीच्या बाजूच्या पाइपातून परत समुद्रात पडतं. कूलर म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या आतून खारं पाणी, बाहेरून गोडं. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णता नळीच्या भिंतीतून पलीकडे जाते. डिझेल जळून जेवढी शक्ती निघते, तिचा साधारण एक तृतीयांश बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे जातो, तेवढाच धुराबरोबर जातो, आणि उरलेल्यातला बहुतेक वाटा या पाण्याला वाहून न्यावा लागतो. म्हणजे बोट ढकलायला जेवढी ताकद लागते, जवळजवळ तेवढीच उष्णता त्या बारीक नळ्यांमधून रोज समुद्रात सोडायची असते.

हे मी बाबाला आमच्या मासळी बाजाराच्या भाषेत सांगितलं. बोटीवरून माल उतरतो तेव्हा बायका पाट्या घेऊन उभ्या असतात. माल तेवढाच असेल आणि बायका निम्म्याच आल्या, तर प्रत्येकीच्या डोक्यावर दुप्पट ओझं चढतं. खाऱ्या पाण्याचं तसंच आहे. पाणी कमी येत असेल तर जे येतं ते जास्त तापून बाहेर पडतं. म्हणून फक्त बाहेर पडणारं पाणी किती तापलंय ते बघायचं, आणि आत येताना किती होतं ते बघायचं.

दुसऱ्या रविवारी, १,६०० वर अर्धा तास चालवून मोजलं. आत येणारं पाणी २९, बाहेर पडणारं ४४. पंधरा अंशांचा फरक.

"पाणी कमी येतंय," मी म्हणालो.

बाबाला पटेना. "बघ की किती जोरात पडतंय." खरंच, बाजूच्या पाइपातून पांढरीशुभ्र धार फेसाळत पडत होती. डोळ्यांनी बघणाऱ्या कुणालाही ती भरपूरच वाटली असती.

मी पाइपाच्या तोंडाला हातभर होज लावला आणि तो वळवून बोटीत घेतला. वीस लिटरची बादली त्याच्याखाली धरली, आणि मोबाइलवर वेळ लावला. बादली भरायला ४२ सेकंद लागले. मिनिटाला २८-२९ लिटर. पंपाच्या पाटीवर या वेगाला जेवढं पाणी लिहिलंय, त्याच्या निम्म्याच्या जरा वर. आणि बादलीत पाणी ओतल्यावर दिसलं की ते दुधासारखं होतं, थोड्या वेळाने निवळलं. ती हवा होती. पांढरी धार भरपूर दिसत होती, कारण तिच्यात निम्मी हवा होती.

त्या संध्याकाळी मी बाबाजवळ बसलो. तो जाळं शिवत होता. गेल्या दोन महिन्यांत मशीनमध्ये जे जे वेगळं वाटलं ते सगळं सांग, असं त्याला म्हणालो, क्षुल्लक असलं तरी. बाबा एकदम सांगणारा माणूस नाही. सुई चालत राहिली आणि मधून मधून एकेक गोष्ट येत गेली. सकाळी मशीन सुरू केलं की पूर्वी लगेच पाणी पडायचं, आता "राम राम म्हणेपर्यंत" पडत नाही. जोर दिला की धूर काळा येतो. डिझेल फेरीमागे थोडं जास्त जातंय. आणि विसर्जनानंतर गाळणी तुंबली होती. फुलांच्या माळा, दोरे, प्लास्टिकच्या पिशव्या. खाडीत त्या आठवड्यात पाण्यापेक्षा निर्माल्यच जास्त असतं. त्याने स्वतः गाळणीचं झाकण उघडून सगळं काढलं होतं.

यातली दोन वाक्यं ऐकताच मी उठलो. पाणी उशिरा पडतं, आणि गाळणी उघडली होती.

आमची गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेली आहे. मशीन बंद असताना झाकण जरा सैल असलं तरी त्यातून पाणी गळणार नाही, म्हणून कुणाला कळणार नाही. मशीन चालू झालं की पंप ओढायला लागतो, झाकणाखाली निर्वात तयार होतो आणि फटीतून हवा आत येते. बंद केल्यावर त्याच फटीतून हवा शिरून पाइपातलं पाणी खाली उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी पंपाला आधी ती सगळी हवा काढावी लागते. म्हणून उशीर. ओढणाऱ्या बाजूची गळती अशी असते. बाहेर थेंबही दिसत नाही, आणि साबणाचं पाणी लावलं तर तेही आतच ओढलं जातं.

खात्री करायला गाळणी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाइपाचा वीतभर तुकडा बसवला. स्लोवर स्वच्छ पाणी. १,२०० ला बारीक मणी धावायला लागले. १,६०० ला मण्यांची सलग माळ. मग झाकणाच्या कडेने बोटाने जाड ग्रीस दाबून बसवलं, आणि माळ तुटली, मोजके मणी राहिले. झाकण उघडलं. रबरी सील एका बाजूला दुमडून चिरडलं होतं, आणि बाकीचं सहा वर्षांत चपटं होऊन कडक पडलं होतं. हाताशी होतोच म्हणून पंपही उघडला. आतल्या चाकाची, म्हणजे इंपेलरची, सगळी रबरी पाती शाबूत होती, मुळाशी वाकवून बघितलं तर भेग नव्हती. पाती तुटलेली असती तर तुकडे शोधल्याशिवाय पंपाचं झाकण परत लावायचं नसतं, कारण ते पुढे कूलरच्या तोंडाशी जाऊन बसतात.

सील घ्यायला हार्बर लाइनने रे रोडला उतरून दारूखान्यात गेलो. तिथं जहाजांच्या जुन्या सामानाच्या ढिगांमध्ये उभं राहून बोटांनी रबर तपासणारी माणसं बघितली की मला बरं वाटतं. मापाचं सील मिळालं, कूलरच्या दोन्ही टोपणांची गॅस्केटंही घेऊन ठेवली.

सील बसवल्यावर बादली २५ सेकंदांत भरली. पाणी स्वच्छ, धार पूर्वीपेक्षा बारीक दिसणारी पण जड. बाहेर पडणारं पाणी ३८, म्हणजे फरक नऊ अंशांवर आला. काटा ८५.

बाबा खूश झाला. जेटीवरचे लोकही म्हणाले, झालं काम, ९५ च्या अलार्मला अजून दहा अंश आहेत. आणि खरं सांगायचं तर बरेच जण इथेच थांबतात. मला थांबवेना. मशीन ८५ ला चालायला हरकत नाही, कितीतरी मशीन त्याहून गरम चालतात. पण आमचं मशीन ७८ चं आहे. ७८ चं मशीन ८५ ला चालत असेल तर सात अंश कुठूनतरी आलेत, आणि ती जागा आज सात मागते, उद्या बारा मागेल. एप्रिल-मेमध्ये समुद्राचं पाणी ३० च्या वर जातं, तेव्हा हे सात अंश अलार्मच्या किती जवळ नेतील?

आकडे पुन्हा मांडले. खारं पाणी पुरेसं येत होतं आणि उष्णता वाजवी ओझ्याने नेत होतं. गोडं पाणी कूलरमध्ये शिरताना आणि निघताना सात अंशांचा फरक दाखवत होतं, म्हणजे गोड्या पाण्याचा पंप आणि त्याचा पट्टाही ठीक. हा फरक वीसेक झाला असता तर तिकडे वळलो असतो. दोन्ही पाणी आपापल्या वाटेने नीट वाहत होती. फक्त त्यांच्यामधली दरी वाढली होती. एक ८५ ला, दुसरं तिशीत.

याचा अर्थ लागायला मला गुरुवारची लोकल लागली. सकाळी गाडीचं एक दार अर्धं अडकलं होतं, आणि तेवढीच माणसं उतरायची म्हणून मागून रेटा वाढत होता. माणसं उतरलीच, पण रेट्याने. कूलरमध्ये हेच चाललं होतं. मशीनला तेवढीच उष्णता बाहेर टाकायची होती. नळ्यांची वाट अरुंद झाली, म्हणून मशीन आणखी तापून ती पलीकडे रेटत होतं. तापमान म्हणजे तो रेटा. दार अडलं होतं. ते उघडून बघायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी ओहोटीला बोट टेकली तेव्हा गोडं पाणी एका स्वच्छ डब्यात काढून घेतलं, कूलरची दोन्ही टोपणं सोडली. आधी वास आला, खाडीच्या गाळाचा, जो आमच्या सगळ्या लहानपणात आहे. नळ्या ३८ होत्या. नऊ पूर्ण बंद, काळ्या घट्ट गाळाने, बोटाने टोचलं तर साबणासारखा. बहुतेक सगळ्या खालच्या रांगांतल्या. उरलेल्यांच्या आत पातळ थर. झिंकची कांडी, जी कूलरच्या धातूऐवजी स्वतः झिजते, ती बोटाच्या पेराएवढी राहिली होती, तिचेही दोन तुकडे एका नळीत अडकलेले.

एका शेजाऱ्याने ॲसिडची बाटली आणून दिली. ती परत केली. गाळाला ॲसिड लागत नाही, आणि प्रमाण चुकलं तर ते पातळ नळीच खातं. लोखंडी सळईसुद्धा नको, आत ओरखडा पडला की तिथून नळी कुरतडायला लागते आणि एक दिवस खारं पाणी गोड्यात शिरतं. आम्ही बांबूच्या काड्या तासून घेतल्या, टोकं गोल केली आणि एकेक नळी दोघांनी मिळून साफ केली. एका बाजूने मी काडी ढकलायची, दुसऱ्या बाजूने बाबाने पाणी मारायचं. तीन तास लागले. शेवटी एका टोकाला टॉर्च धरला आणि दुसरीकडून बघितलं, अडतीसच्या अडतीस नळ्यांतून उजेड आला.

हे चालू असताना मी सहज बोलून गेलो, "एवढा गाळ आला कुठून? आपण तर खोल पाण्यातच असतो."

बाबा थांबला. म्हणाला, "पावसाळ्यात."

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ६१ दिवस. बोट जेटीच्या आडोशाला बांधलेली असते. मशीन तसंच पडून राहिलं तर आतून गंजतं, डिझेल फवारणारे नोझल अडकतात, म्हणून बाबा दर रविवारी छत्री घेऊन जायचा आणि अर्धा तास मशीन चालवायचा. त्याचं म्हणणं, मशीनला झोपू द्यायचं नाही. आणि तो ओहोटीला जायचा, कारण तेव्हा बोट चिखलावर टेकून स्थिर असते, हलत नाही, चढायला सोपी. त्या वेळी खाऱ्या पाण्याचं तोंड गाळापासून जेमतेम वीतभर वर असणार. आठ-नऊ रविवार त्या पंपाने खाडीचा तळ ओढला होता. वेग कमी म्हणजे पाण्याचा जोर कमी, त्यामुळे गाळ नळ्यांत बसत गेला. गाळणीची भोकं पिशव्या आणि पाचोळ्यासाठी आहेत, पिठासारखा गाळ त्यातून सरळ जातो.

त्याला वाईट वाटलं. ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण नंतरच्या सगळ्या नळ्या त्याने मला ढकलू दिल्या नाहीत, स्वतःच केल्या. मी त्याला एवढंच म्हणालो, की तू मशीन चालवलं नसतंस तर नोझल आणि रिंगांचं काम निघालं असतं, आणि ते तीन तासांत झालं नसतं. हे समजूत काढण्यासाठी म्हणालो नव्हतो. खरंच तसं आहे.

नवी झिंकची कांडी, नवी गॅस्केटं, ताजं कूलंट. चालवत पाण्यातली हवा काढली. १,६०० वर काटा ८०.

राहिलेले दोन अंश मला आता छळत नव्हते, कारण ते कुठे आहेत याचा अंदाज होता. बाबाने त्या संध्याकाळी सांगितलेल्यातल्या दोन गोष्टींचा हिशेब अजून लागला नव्हता, काळा धूर आणि जास्तीचं डिझेल. कूलिंगमध्ये दोष असला तर डिझेल एवढं वाढत नाही. रिकामी बोट घेऊन फुल दिलं तर मशीन १,७५० च्या वर जाईना, जिथं ते १,९०० ला जायचं. म्हणजे मशीनवर ओझं जास्त होतं. यंदा पैशांच्या ओढाताणीत मे महिन्यात तळाला रंग मारायचा राहिला होता.

कोजागिरीच्या उधाणात पहाटे पाणी खूप खाली जातं. त्या दिवशी सहाच्या सुमाराला बोट जेटीजवळच्या दगडी भागावर टेकवली, आणि मी, बाबा, धाकटा भाऊ, तिघं खरवडायला लागलो. तळाला शिंपल्यांचा खरखरीत थर होता, पंख्याच्या तिन्ही पात्यांवरही, मुळाकडे जास्त. पंख्यावर अर्ध्या इंचाचा खडबडीत थर म्हणजे मशीनच्या गळ्यातलं ओझंच. एकीकडे उजाडत होतं आणि पाणी परत चढायच्या आत संपवायचं होतं. पंखा घासून पितळेचा रंग दिसेपर्यंत आणला. तळाचा रंग पुढच्या मे महिन्यात, तो आता सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी फुलला १,८८०. धूर राखाडी, मग तोही नाही. १,६०० वर बाहेरचं पाणी ३७, बादली २३ सेकंद, काटा ७८. हे चारही आकडे मी केबिनच्या फळीवर ऑइलपेंटने लिहून ठेवले, तारखेसकट. सहा वर्षांपूर्वी लिहिले असते तर पहिल्याच रविवारी बादली लावली असती.

डिसेंबरात नवं कॅलेंडर घरात आलं. बाबाने ते भिंतीला लावायच्या आधीच जून आणि जुलैची पानं उघडली आणि प्रत्येक रविवारची तिथी बघायला लागला. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर असतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रविवारच्या चौकोनात तो पेनने वेळ लिहीत गेला. एका रविवारी भरती अडनिड्या वेळेला येत होती, पहाटे आणि नंतर थेट अंधार पडताना. तिथं त्याने पहाटेची वेळ लिहिली आणि खाली दोनदा रेघ ओढली.